दाजींची हजेरी

“सही डाव्या हाताने केलीत तरी चालेल, दाजी,” म्हणत मेहुण्याने हजेरीपट पुढे सरकवला.

मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ आणि या तेलविहिरीवरचा साहेब. काल दुपारी पाइप आवळणाऱ्या लोखंडी पकडीत दाजींचा उजवा पंजा चिरडला. तीन बोटं गेली. आज सकाळी साहेबाने त्यांना दवाखान्यातून स्वतःच्या गाडीतून आणलं आणि ऑफिसात पंख्याखाली बसवलं. काय पण माया! जखमी माणूस दुसऱ्या दिवशी कामावर हजर दिसला, की कंपनीच्या लेखी अपघात झालेलाच नसतो.

“त्या पकडीला आवरणारी साखळी तुटलीय. महिनाभर सांगतोय,” दाजी म्हणाले. “अपघात नोंदव. निदान साखळी तरी बदलतील.”

“नोंदवला की चौकशी लागते. माझी बढती तोंडावर आलीय. झाकली मूठ सव्वा लाखाची, दाजी.”

ज्याची मूठच उरली नाही त्याला हे ऐकवायचं, म्हणजे कमाल झाली.

“आज पकडीवर कोण आहे?”

“आहे कुणीतरी. तुम्ही चहा घ्या.”

दाजींनी वेडीवाकडी सही केली. मग उठले आणि जिना चढून थेट विहिरीच्या फलाटावर गेले, बँडेजात गुंडाळलेला उजवा हात पुढे धरून पकडीला खेटून उभे राहिले. मेहुणा धापा टाकत मागोमाग आला. तोवर मशीन बंद झालं होतं. फलाटावर एकाचा जरी हात मोज्याविना दिसला, तर काम थांबवायचं आणि का थांबवलं ते कंपनीच्या वहीत लिहायचं, हा साहेबाचाच नियम.

“खाली उतरा!”

“का? हजर आहे ना मी? माझी जागा हीच.”

“ताईचा तरी विचार करा.”

“तुझ्या ताईनेच सकाळी दवाखान्यात शर्टाची बटणं लावून दिली.”

पकडीवरच्या कामगाराने वही आणून साहेबापुढे धरली. बाकीचे हाताची घडी घालून बघत राहिले. एकानेही मशीनला हात लावला नाही.

“‘एकाने मोजा घातला नव्हता,’ एवढंच लिहिणार मी,” मेहुणा दातओठ खात म्हणाला.

कामगाराने स्वतःच्या उजव्या हातातला मोजा काढला आणि साहेबाच्या हातात दिला.

“हा घ्या, साहेब. तुम्हीच घाला त्यांना.”