ताईची कोलांटी

"ताईचा टर्न आता तुझ्या डोक्यातून काढून टाकू या," पोहणं शिकवणारे निंबाळकर सर म्हणाले. "तिच्या उंचीला तो चोख होता. तू तिच्यापेक्षा वाढलीस, पोरी. तुला भिंत फार जवळ येते, गुडघे नको तितके मुडपतात आणि पाय मारायला जोरच उरत नाही. असं चाललं तर राज्याच्या संघात निवड विसर."

केतकीने तलावाच्या दुसऱ्या टोकाकडे पाहिलं. तिथे बाकावर आई बसली होती. शाल्मलीताई वारल्यावर तिची यंत्राने टिपून ठेवलेली पोहण्याची हालचाल केतकीच्या मेंदूत उतरवली, तेव्हापासून आई रोज यायची. कोलांटी घेऊन टर्न मारला की भिंत सोडताना शाल्मलीचा डावा पाय उजव्यावर जायचा. आता केतकीचाही जायचा. तेवढं दिसलं की आई पिशवी उचलून घरी निघायची.

"आईला काय सांगू, सर?"

"ते तुझं तू बघ. पण पोहायचंय तुला."

शुक्रवारी केतकीच्या मेंदूतून तो टर्न पुसला. शनिवारी केतकी स्वतःच्या मापाने वळली आणि बाणासारखी सुटली.

"अस्सं!" सर ओरडले.

आई जागची हलली नाही. "आज झाला नाही का गं तो?" तिने विचारलं.

केतकी पुन्हा भिंतीकडे गेली. कोलांटी घेताना तिने मुद्दाम डावा पाय उजव्यावर टाकला. पाय घसरला, नाकात पाणी गेलं. दोन वर्षं रोज मारलेली ती कोलांटी तिला येतच नव्हती. ती स्वतः ती कधी शिकलीच नव्हती.

ती खोकत वर आली, तेव्हा आई अजून पाण्याकडेच बघत होती.