निळे ओठ

“कार्ड आधी काढू नकोस. आधी पोरीकडे बघू दे त्यांना,” असं सासूबाई गाडीतच म्हणाल्या होत्या. तिने ते या कानाने ऐकून त्या कानाने सोडून दिलं. हॉस्पिटलच्या काउंटरवर पोचल्यापोचल्या विम्याचं कार्ड असं पुढे केलं, जणू पोरीचा जीव त्यातच होता.

तीन वर्षांची चिमी दुपारी झोपून उठली होती ती निळे ओठ घेऊन. ओठ निळे पडले की हृदयाचं दुखणं असू शकतं, एवढं तिच्या आईने मोबाईलवर वाचलं. पुढचं वाचायचा धीर झाला नाही. चिमी मात्र खुर्चीत पाय हलवत बिस्कीट मागत होती.

तरुण डॉक्टरांनी चिमीला ‘आ’ करायला लावलं. छाती तपासली. “रंगासारखं काहीतरी दिसतंय,” ते म्हणाले. “तसं घाबरण्यासारखं काही...”

तेवढ्यात काउंटरवरच्या बाईंनी येऊन चिमीच्या मनगटावर पिवळा पट्टा बांधला. पिवळा म्हणजे विमावाले. डॉक्टरांची नजर पट्ट्यावर गेली आणि वाक्य मध्येच वळलं. “...नसेलही. पण एकदा खात्री करून घेतलेली बरी, नाही का?”

“सगळंच करा,” ती म्हणाली. “विमा आहे.”

दोघांनाही हायसं वाटलं. मग काय, चिमीची वरातच निघाली. रक्त झालं, छातीचा फोटो झाला, हृदयाची सोनोग्राफी झाली. शेवटी कान तपासायला नेलं.

“ओठ निळे पडले, त्यात कानांचा काय संबंध?” सासूबाईंनी विचारलं.

“विम्यात बसतंय, आजी,” नर्स प्रेमाने म्हणाली.

लिफ्ट कायम भरलेली. चिमीला आजीच्याच कडेवर बसायचं. सासूबाई नातीला घेऊन जिने चढायच्या, मध्येच कठड्याला धरून उभ्या राहायच्या. “दमलात का हो आई?” तिने एकदा विचारलंही. “मला काय धाड भरलीये? तू पोरीचं बघ.” ती पोरीचं बघायला लागली. सासूबाई बाहेरच्या बाकावर टेकल्या. त्यांच्या मनगटावर कुठलाच पट्टा नव्हता. पॉलिसीत त्यांचं नाव घालायचं दर वर्षी ठरायचं आणि दर वर्षी राहून जायचं.

संध्याकाळी सगळे रिपोर्ट चांगले आले. कान तर उत्तमच. आणि निघताना चिमीच्या फ्रॉकच्या खिशातून टोक चावून चावून भुगा केलेलं निळं स्केचपेन खाली पडलं.

तिला हसू आवरेना. तिने रुमाल ओला केला, पोरीचे ओठ खसाखसा पुसले. खालून गुलाबी ओठ निघाले. तशीच हसत ती बाकाकडे वळली. खिडकीतला उजेड सासूबाईंच्या चेहऱ्यावर पडला होता.

“अहो आई, तुम्हीसुद्धा? नातीचं उष्टं स्केचपेन?”

सासूबाई हसल्या. उत्तर द्यायला त्यांना दम पुरला नाही. तिने रुमालाचा कोरा कोपरा त्यांच्या ओठांवरून फिरवला. मग पुन्हा, जरा दाबून फिरवला.

कोपरा पांढराच राहिला.

ती काउंटरकडे धावली. “या आजींचा विमा आहे का?” बाईंनी पट्ट्यांचा डबा उघडत विचारलं.

“नाही. आधी माणसाकडे बघा.”

डॉक्टर आले. या वेळी त्यांचं वाक्य कुठेही वळलं नाही. “आत घ्या यांना. लगेच,” एवढंच म्हणाले.

आता सासूबाई घरी आहेत, आणि ती भेटेल त्याला एकच गोष्ट सांगत सुटली आहे. तुम्हालाही सांगते आहे. ‘मला काय धाड भरलीये’ म्हणत बाकावर बसून राहणारं कुणीतरी तुमच्याही घरात असेल. त्यांना जरा उजेडात न्या, आणि ओठ एकदा पुसून बघा.