सदतिसावं फाटक

हे सदतिसावं फाटक होतं, आणि बाईंच्या पायांचे तुकडे पडायची वेळ आली होती.

"काका, मी आत जाते, कुंपणाच्या तारेला डबा अडकवते आणि येते. दोन मिनिटांचं काम," त्या म्हणाल्या. "मालकाला पत्तासुद्धा लागणार नाही."

"विचारल्याशिवाय नाही," काका म्हणाले आणि त्यांनी घंटा वाजवली.

बाई शाळेत भूगोल शिकवायच्या. जिओकॅशिंगच्या मंडळात त्या वर्षभरापूर्वी हौसेने आल्या होत्या. खेळ साधा. एकाने छोटासा डबा लपवायचा, त्या जागेचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकायचे आणि बाकीच्यांनी मोबाइल हातात धरून तो हुडकायचा. डबा झाडाच्या ढोलीत ठेवा, कठड्याखाली ठेवा, फक्त जमीन खणायची नाही, हा पहिला नियम. जमीनमालकाची परवानगी घ्यावी असाही एक नियम होता, पण तो बहुतेक जण सोयीने विसरायचे. काकांनी मात्र तो असा काही मनावर घेतला होता की सोबत जाणाऱ्याच्या नाकीनऊ यावेत.

काका निवृत्त मोजणीदार. त्यांना एकच डबा लपवायचा होता, मुलीच्या नावाचा. तोही याच रस्त्यावर, कारण ती याच रस्त्याने सायकलवरून कॉलेजला जायची. मुलगी नऊ वर्षांपूर्वी गेली, एवढंच बाईंना ठाऊक होतं. कशाने, हे विचारायचा धीर त्यांना कधी झाला नाही. घरी काकू अंथरुणाला खिळलेल्या. तिने डोळे मिटायच्या आत एवढं झालं पाहिजे, असं काका एकदाच बोलले होते. म्हणून तर बाई दर रविवारी चपला झिजवत त्यांच्याबरोबर यायच्या.

पण कंटाळ्यालाही काही मर्यादा असते. आतापर्यंत एकोणीस जणांनी सही दिली होती आणि काकांना एकही जागा पसंत पडली नव्हती. मंडळाचा परवानगीचा कागद एका ओळीचा. काकांनी स्वतःचा वेगळा केला होता. त्यात त्या जमिनीचा नकाशा, आणि खाली मालकाने भरायचं: डबा कुठे नको, आणि का. एका आजींनी गुलाबांसाठी अख्खं अंगण खोडून टाकलं होतं. एका गृहस्थांनी स्वयंपाकघराच्या खिडकीवर काट मारून कारणाच्या जागी 'बायको' असं लिहिलं होतं. बाई त्यावर दोन दिवस हसत होत्या. काकांनी कागद मुकाट्याने घडी करून पिशवीत टाकला होता.

दार साठीच्या एका माणसाने उघडलं. पूर्वी गॅरेज चालवायचो, आता एकटाच असतो, हे त्याने खुर्च्या पुढे ओढता ओढताच सांगून टाकलं. बोलायला माणसं मिळाल्यावर गडी खुलला. पाणी दिलं, चहा टाकला.

बाईंनी सगळं पाठ झालेलं सांगितलं. डबा दाखवला. "खणायचं वगैरे काही नाही हं. नुसता लटकवायचा."

"अहो, मग लटकवा की! एवढ्याशा डब्यासाठी विचारायचं काय त्यात?"

बाईंनी काकांकडे पाहिलं. ऐकलंत ना, असं ते पाहणं होतं.

काकांनी टेबलावर नकाशा पसरला. "कुठे नको, तेवढं सांगा."

"तसं काही नाही."

"फाटकाजवळ?"

"चालेल."

"विहिरीच्या कठड्याला?"

"चालेल. विहिरीत कुणी पडू नका म्हणजे झालं." तो स्वतःच हसला.

"मागे पत्र्याची शेड आहे. तिच्या भिंतीला?"

माणूस चहा गाळायला उठला. तीन कप घेऊन आला, कप मांडले, बसला.

"शेडकडे नको."

"बरं. कारण लिहावं लागतं."

"साप निघतात."

काकांनी लिहिलं. त्यांचं अक्षर सुंदर होतं, सरकारी कागदावर आयुष्य गेलेल्या माणसाचं. "भिंतीवर उंच लावला तर? माणसाच्या डोक्याइतक्या उंचीवर?"

"नको म्हटलं ना. तिकडे कुणी खणलेलं मला चालणार नाही."

"खणत नाही हो आम्ही," बाई हसून म्हणाल्या. "मघाशीच सांगितलं की."

"हो हो. तेच ते." त्याने काकांच्या हातातलं पेन घेतलं आणि शेडच्या मागे, भिंतीपासून थोडी लांब, बारीकशी फुली मारली. "इथे नको. बाकी रान मोकळं आहे तुम्हाला." मग खाली झोकात सही ठोकली.

काकांनी चहा संपवला. आभार मानले. फाटकापर्यंत ते नेहमीच्याच संथ चालीने आले.

"झालं बाई एकदाचं!" बाईंना खरोखर हायसं वाटलं. "सही आहे, माणूस चांगला आहे. फाटकाजवळच्या झाडाला आत्ताच लावून टाकू. काकूंना आज सांगता येईल."

काका गाडीत जाऊन बसले होते. किल्ली न लावता त्यांनी पाठ मागे टेकली होती. एवढं दमलेलं बाईंनी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं.

"डबा राहू दे," ते म्हणाले.

"आता या जागेत काय खोट काढलीत, काका?" बाईंना रडूच यायचं बाकी होतं.

काकांनी मोबाइल काढला आणि नाव न शोधता सरळ नंबर दाबला. नंबर पाठ असावा.

"इन्स्पेक्टरसाहेब, नऊ वर्षांपूर्वी कॉलेजहून घरी न आलेल्या मुलीचा बाप बोलतोय," ते म्हणाले. "या रस्त्यावरच्या कुणाच्याही जमिनीत उगाच शिरता येत नाही, असं तुम्ही म्हणाला होतात. आज एकाने स्वतःच्या हाताने फुली मारून दिलीय. खणायला माणसं घेऊन या."