सर्वांत मोठी पाटी

सुताराने शेवटचा स्क्रू काढला आणि पाटी खाली घेता घेता तो म्हणाला, "ताई, हिच्यावर तुमचंच नाव आहे हो."

"माहीत आहे," ती म्हणाली. "जपून ठेवा."

माहीत नसायला काय झालं? शाळेच्या सभागृहातल्या त्या भिंतीला सगळ्याजणी 'मानाची भिंत' म्हणत. नाव काढलेल्या माजी विद्यार्थिनींच्या पाट्या तिच्यावर लागत. एक न्यायाधीश झाली होती, एक विमान चालवत होती, एकीने खाडी पोहून पार केली होती. त्यांच्या पाट्या वहीएवढ्या. हिची मात्र पलंगाच्या फळीएवढी, 'शाळेची पहिली इंजिनिअर' अशी. गुण बेताचे, बक्षीस एकही नाही, आणि पाटी ही एवढी! उंच आणि काटकुळी म्हणून शाळेत तिला फूटपट्टी म्हणत. मैत्रिणी चिडवायच्या, फूटपट्टीला तिच्या मापाची पाटी मिळाली.

वडील मात्र हरखून गेले होते. घरी पाहुणा आला की त्याचा चहा संपतो न संपतो तोच ते त्याला पाटी दाखवायला शाळेत घेऊन जात. तिलाही त्या पाटीने फार दिलं. नोकरीच्या सुरुवातीला बांधकामावरचे लोक तिच्याकडे न बघता तिच्या मदतनिसाशी बोलायचे. तेव्हा ती मनात पाटी आठवायची आणि आपलं वाक्य पुन्हा, जरा मोठ्याने म्हणायची. पाटी करून घेणाऱ्या मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकेने, आपल्यात काहीतरी पाहिलं, या एका गोष्टीवर तिने पुढचं सगळं उभं केलं होतं.

म्हणून तर हे काम तिने नगरपालिकेतल्या आपल्या साहेबांकडून मागून घेतलं. उद्या माजी विद्यार्थिनींचा मेळावा होता आणि त्यातच मोठ्या बाईंचा निरोप समारंभ. एवढी माणसं जमायची तर नगरपालिकेचा दाखला लागतो. इमारत बघायची, सही करायची, बाईंबरोबर चहा प्यायचा, एवढंच तिच्या मनात होतं. पण चहाच्या आधी तिने भिंत बघितली. तिच्याच पाटीच्या कोपऱ्यातून भेगेचं एक टोक बाहेर आलं होतं, उंदराच्या शेपटीसारखं.

आता पाटी निघाली आणि अख्खा उंदीर दिसला. तुळई जिथे भिंतीवर टेकते तिथून भेग तिरकी खाली उतरली होती. तिची करंगळी आत गेली. भेगेवर एक काचेची पट्टी आडवी चिकटवलेली होती. भिंत हलतेय की नाही हे कळायला अशी पट्टी लावतात. भिंत हलली की काच तुटते. ही मधोमध तुटली होती.

मोठ्या बाई मागे खुर्चीत बसून होत्या. ही पट्टी कोणी लावली, असं तिने विचारलं. होते एक कंत्राटदार, बाई म्हणाल्या. काच फुटली तर कळवा म्हणून सांगून गेले. पाटीमागची काच फुटलेली दिसणार कोणाला, हे तिच्या ओठांवर आलं होतं. पण बाई फार थकलेल्या दिसत होत्या आणि तिला त्यांची दया आली.

मग बाईंनी तिला समजावून पाहिलं. पोरी लांबलांबून आल्यात. इतकी वर्षं उभी असलेली भिंत उद्याच का पडेल? परवा हॉलला कुलूप घालू, दुरुस्ती काढू. आज पाटी परत चढव, झाकली मूठ झाकलेलीच राहू दे. शेवटी बाई हळूच म्हणाल्या, "फूटपट्टी, मी तुझ्यासाठी काय कमी केलं गं?"

बाईंनी काहीच कमी केलं नव्हतं. बाहेर मैदानात पाचवीच्या मुलींची स्वागतगीताची तालीम चालली होती. उद्या त्या याच भिंतीला पाठ लावून उभ्या राहणार होत्या. एक मुलगी दर वेळी सुरात चुकत होती आणि बाकीच्या हसत होत्या.

"बाई, हॉल आजपासून बंद," ती म्हणाली.

दाराला आडवं लावायला काहीतरी हवं होतं. सुतार फळी शोधायला निघाला, तर तिने त्याला थांबवलं आणि आपलीच पाटी उलटी केली. मागची बाजू कोरी होती. तिने खडूने 'धोका. आत येऊ नये' असं ठसठशीत लिहिलं. सुताराने पाटी दाराला आडवी ठोकली. वडील हे बघायला राहिले नाहीत, हे बरंच झालं, असं तिला वाटलं.

व्हरांड्यात आता दोघीच उरल्या. शाळेने एवढा मान दिला आणि आपण शाळेला हा घरचा आहेर केला, याची तिला खरोखरच लाज वाटत होती. बाईंचे पाय धरावेत, असंही मनात आलं. त्याऐवजी तिने इतकी वर्षं मनात ठेवलेला प्रश्न विचारला.

"बाई, तेव्हा माझीच पाटी एवढी मोठी का करून घेतलीत?"

मोठ्या बाईंनी दाराकडे पाहिलं. पाटीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत त्यांची नजर सावकाश गेली.

"भेग तेव्हा तेवढीच होती," त्या म्हणाल्या.