तिसऱ्यांदा

सन २०४३ मध्ये श्वासयंत्र थांबवायची परवानगी घरून द्यायची सोय झाली. रुग्णाचं ओळखपत्र कॉम्प्युटरच्या कार्ड रीडरमध्ये घालायचं आणि बायकोनं नवऱ्याचं नाव उच्चारायचं.

भालचंद्रराव चार महिने इस्पितळात बेशुद्ध होते. डॉक्टरांनी आशा सोडली होती. सून केतकीनं रीडर जोडला आणि त्यांचं कार्ड आत सरकवलं.

"आई, नाव घ्या."

"अहो," द्वारकाबाई म्हणाल्या. पन्नास वर्षं त्यांची हीच हाक होती. लाल दिवा लागला.

"केशवचे बाबा." पुन्हा लाल.

"आई, त्याला असं कळत नाही!"

"मग तुझं यंत्र अडाणीच म्हणायचं."

"तिसऱ्यांदा चुकलं तर कार्ड महिनाभर बंद होईल. बाबा तसेच यंत्रावर राहतील."

"महिनाभर?"

"हो, पूर्ण महिना."

द्वारकाबाई पुढे सरकल्या. मग रीडरजवळ वाकून, अगदी स्पष्ट आवाजात म्हणाल्या, "अहो."

भालचंद्रराव एकोणिसाव्या दिवशी, यंत्र चालू असतानाच, आपले आपण गेले. केतकीनं रीडर शेजाऱ्यांना देऊन टाकला. द्वारकाबाई पुढे नऊ वर्षं जगल्या. त्या दिवशी त्यांनी नाव का घेतलं नाही, हे केतकीनं त्यांना कधीच विचारलं नाही.