कारखान्यात किती जण

पडद्यावरचा कारखाना लालभडक झाला आणि किमयाचा चेहरा पडला.

हमरापुरात तिच्या घरच्यांना गणपतीच्या मूर्तींचा नवा कारखाना बांधायचा होता. आर्किटेक्ट झालेल्या किमयाने नकाशा केला: उंच कौलारू छप्पर, खाडीच्या वाऱ्याकडे जाळीच्या भिंती, कूलरची गरजच नाही. थोरल्या भावाला, निकेशला, पत्र्याची शेड हवी होती. "कॉम्प्युटरवर वैशाख लावून दाखव," तो म्हणाला होता, "नाय जमलं तर पत्रेवाल्याला बोलावतो." आता त्या खोट्या वैशाखात कारखाना नुसता भाजून निघत होता.

"माणसं शिजतील गो आत," निकेश म्हणाला. बहिणीचं तोंड बघून त्यालाही वाईट वाटलं, पण फोन त्यानं काढलाच.

नम्रता, त्याची बायको, वाकून पडदा वाचत होती. लग्न होऊन रोह्याहून आली तेव्हापासून मूर्तींच्या डोळ्यांची आखणी तीच करायची.

"किमयाताई, आत तीनशे पाच माणसं कुठली?"

"आईनं सांगितली, मी टाकली."

"बरोबर हाय," काशीबाई म्हणाल्या. "आपण पाच आन् गणपती तीनशे."

"अहो आई, गणपती नगात मोजायचे ना?"

"डोळे आखले की नग नाय म्हणायचं. मग ते जण."

किमया याच घरात वाढलेली. आकडा टाकताना तिला काहीच खटकलं नव्हतं. आणि कॉम्प्युटरने बिचाऱ्याने तीनशे बाप्पांच्या अंगाची ऊब इमानेइतबारे मोजली होती. ती पोट धरून हसत सुटली. हसता हसताच तिने पाच टाकले.

लाल रंग पिवळा झाला, पिवळ्याचा हिरवा. कडक वैशाखात कारखाना गारेगार! काशीबाईंनी पडद्यावरूनच लेकीच्या कारखान्याची दृष्ट काढली. वडिलांनी, काळुरामांनी, तर टाळीच वाजवली.

"सहा टाका," नम्रता हळूच म्हणाली.

"सहावं कोण वहिनी?"

लाजून नम्रताने पदर सावरला आणि पोटावर हात ठेवला.

काशीबाईंनी तिला जवळ ओढलं. पत्रेवाला फोनवर "हॅलो, हॅलो" करत होता. निकेशने तो बंद केला आणि खुर्ची ओढून बहिणीशेजारी बसला.

"किमे," तो म्हणाला, "अजून जरा थंड नाय होणार काय गो?"