सोमवारच्या ताई

"एवढं एक राहिलं," म्हणत हवालदारानं खणातून निळ्या पुठ्ठ्याची वही काढली आणि नव्या बाईंपुढे ठेवली.

सकाळपासून तो टेबल सोपवत होता. चाव्या झाल्या, शिक्के झाले, कपाटाचं कुलूप कसं थोडं उचलून फिरवायचं तेही दाखवून झालं. उद्यापासून इथे बिनवर्दीच्या बाई बसणार आणि हवालदार चौकात उभा राहणार. पोलिसांनी पोलिसांचं काम करावं, कारकुनी कारकुनांवर सोडावी, असं वरून ठरलं होतं. नव्या पाच जणांना ठाण्यात सगळे 'बिनटोपीवाले' म्हणत आणि हे बारसं हवालदारानंच केलं होतं. अकरा वर्षं बसून बसून खुर्चीची गादी त्यानं आपल्या मापाची करून घेतली होती. तिच्यावर दुसरं कुणी बसणार, हे काही त्याच्या पचनी पडलं नव्हतं.

"ही वही यादीत नाही," बाई म्हणाल्या. त्या आधी दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर होत्या. यादीत नसलेली वस्तू त्यांना खपत नसे.

"नसणारच. माझी आहे ती. दर सोमवारी अकराला एक ताई येतात, शिवणकाम करणाऱ्या. त्यांचा धाकटा भाऊ सहा वर्षांपूर्वी बाजारातून हरवला. पन्नाशीचा माणूस, पण समज लहान मुलाची. स्वतःचं नावही धड सांगता येत नाही त्याला. त्या आल्या की वही उघडायची, शेवटच्या पानावरून बोट फिरवायचं आणि म्हणायचं, अजून काही नाही ताई, पुढच्या सोमवारी बघू. मग तारीख टाकायची."

बाईंनी वही चाळली. पानंच्या पानं तारखा, आणि प्रत्येक तारखेपुढे 'काही नाही'.

"आणि खरी फाइल?"

"ती कपाटात. तपास कधीचाच थांबलाय. पण ते त्यांच्या तोंडावर सांगू नका, बाई. माझं एवढंच मागणं आहे." चाव्या देताना न पडलेला त्याचा आवाज हे बोलताना मात्र पडला.

अकराला ताई आल्या. खांद्यावर दोऱ्याचा तुकडा चिकटलेला, चष्म्याला नाडी. हवालदारानं उठून त्यांना खुर्ची दिली आणि यापुढे या बघतील, असं सांगितलं. ताईंनी बाईंना खालून वर न्याहाळलं.

"वर्दी नाही?"

"नाही. काम तेच," बाई म्हणाल्या.

त्यांनी वही उघडली. शेवटच्या पानावरून बोट फिरवलं. हवालदाराचा जीव भांड्यात पडतोय तोच बाई उठल्या, कुलूप थोडं उचलून फिरवलं आणि कपाटातून फाइल घेऊन आल्या. हवालदार खाकरला. बाईंनी तिकडे पाहिलंच नाही.

"दवाखान्यातली सवय आहे ताई, रागावू नका. पत्ता तोच?"

"तोच."

"फोन?" बाईंनी नंबर वाचून दाखवला.

ताई थोडा वेळ आठवत राहिल्या. "हा आमच्या खालच्या दुकानाचा. तेव्हा माझ्याकडे फोन कुठला? दुकानदार हाक मारायचा."

"आणि आता?"

"दुकान बंद होऊन चार वर्षं झाली की."

हरवल्याच्या पत्रकावर हाच नंबर छापला होता. गावोगावच्या ठाण्यांत, आश्रमांत, दवाखान्यांत तो गेला होता. चार वर्षांत कुणी तो फिरवला असेल की नसेल, हे आता कळायला काही मार्ग नव्हता. हवालदार वहीकडे बघत राहिला. दर सोमवारी त्यानं ताईंना पाणी दिलं होतं, गुडघ्याची चौकशी केली होती. ज्या स्वतः चालत येतात त्यांना फोन नंबर कोण विचारणार? त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली.

"ताई, चुकलं माझं."

"तुमचं काय त्यात? तुम्ही तर दर वेळी बघत होता," ताई म्हणाल्या, आणि त्या मनापासून म्हणाल्या.

"नवा नंबर सांगा. पत्रकं आजच परत पाठवते," बाई म्हणाल्या.

ताईंनी चष्म्याच्या घरातून चिठ्ठी काढून दिली. बाईंनी नंबर फाइलमध्ये उतरवला आणि खिडकीवरच्या सवयीनं टेबलावरच्या फोनवरून लगेच लावून पाहिला.

ताईंच्या पिशवीत फोन वाजला.

ताई दचकल्या. समोर बाई कानाला फोन लावून बसल्या होत्या, ते त्यांना दिसलंच नाही. पिशवीतून टेप निघाली, खडू निघाला, कात्री निघाली, मग फोन.

"कोण बोलतंय?" सहा वर्षांत हवालदारानं ताईंचा असा आवाज ऐकला नव्हता.

"मीच, ताई. इथूनच. लागतो का ते पाहिलं."

ताईंनी फोन कानावरून खाली घेतला. पिशवीत मात्र ठेवला नाही. आता त्या रडणार असं हवालदाराला वाटलं, पण त्या फोनकडेच बघत होत्या.

"असाच वाजेल ना?"

"असाच."

"मग आणखी एकदा वाजवा. शिलाई मशीनच्या आवाजात ऐकू यायला हवा. नीट ऐकून ठेवते."

हवालदारानं टेबलावरचा फोन आपल्याकडे ओढला आणि फाइलमधला नवा नंबर एकेक आकडा बघत फिरवला.